रसूलचा लिंब

आष्ट्याच्या मोटार अड्ड्यावर मी तिकिटं फाडत असे, तेव्हाचा हा रसूल. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून सांगलीची मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. मागच्या टाकीत कोळसा पेटवून तो फुलवायला पंख्याची मूठ फिरवत बसायचं काम रसूलचं. रोज सकाळी तो इतका काळा होई, की त्याची बायको फरीदा त्याला आंघोळीशिवाय उंबरा ओलांडू देत नसे.

भट्टी पेटायची अड्ड्यावरच्या लिंबाखाली. सगळा धूर त्या झाडात. पानं काजळीनं माखली की रसूलला वाईट वाटे. मोटार धुऊन उरलेलं पाणी तो बादलीनं फांद्यांवर फेकी. लोक हसत. मीही हसत असे, कारण निम्मं पाणी त्याच्याच डोक्यावर पडे. पण माणूस हट्टी. माघात काजळी जाईना, तेव्हा गड्यानं मोटारीच्या टपासारखं झाडही धुण्याच्या सोड्यानं धुऊन काढलं.

फाल्गुनात लिंब झडला. गावातले बाकीचे लिंब पालवले, हा आपला उघडाच. आपल्या सोड्यानंच झाड मेलं, असं रसूलनं धरून ठेवलं. त्यात मालक विष्णुपंतांनी फर्मान काढलं: कोळसा मिळत नाही, पाडवा झाला की हे वाळकं खोड तोडायचं, त्याचाच कोळसा पाडायचा.

रसूल मान खाली घालून पंतांपुढे उभा राहिला.

"मालक, झाड माज्या हातनं मेलंय. त्येचा कोळसा मी भट्टीत घालनार न्हाई."

मग घरी बस, असं पंत म्हणाले आणि आत गेले. भला माणूस, पण रागाला पटकन चढे. रसूलनं पंख्याची मूठ पुसून माझ्यापाशी ठेवली. मला त्याचा रागच आला. घरात खाणारी तोंडं असताना झाडापायी नोकरी सोडायची म्हणजे काय!

पाडव्याला अड्डा बंद होता. मी आपला झाडाकडे बघायला गेलो, तर रसूल आधीच बुंध्याशी बसलेला. वर तांबूस पालवी फुटली होती, धुतल्यासारखी स्वच्छ. जुन्या पानांनी वर्षाची काजळी अंगावर घेतली होती आणि तिच्यासकट ती गळून गेली होती. ना सोड्यानं काही बिघडलं होतं, ना धुरानं. झाडानं फक्त उशीर केला होता.

मी पंतांना बोलावून आणलं. ते बराच वेळ वर बघत राहिले. मग खालच्या डहाळीची कोवळी पानं खुडून, सणाचा लिंब खातात तशी त्यांनी तोंडात टाकली. उरलेली रसूलच्या हातावर ठेवली.

"कडू आहे का बघ."

रसूलनं पानं चावली. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं.

"लय कडू हाय, मालक," तो म्हणाला आणि हसला.

पंतांनी मला मोटारीतून पंख्याची मूठ आणायला लावली आणि त्याच्या हातात दिली.