गाणं थांबवणारा अंगठा

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाला मागून हाक येते... मला वाटायचं, या लोकांना कामधंदा नाही. मी बाजारात बसून मोठा झालेला माणूस आहे. समोरचा काय लपवतोय ते आधी बघायचं आणि मग तोंड उघडायचं, ही माझी सवय. माणसापेक्षा भूत लबाड असेल असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यामुळे पुढचं वाचताना तुमच्या मनात जी शंका येईल, ती माझ्या मनात तुमच्याआधी येऊन गेली आहे, एवढं ध्यानात ठेवा.

मी मालेगावचा. नाशिककडचं नव्हे, वाशिमच्या रस्त्यावरचं मालेगाव जहांगीर. माझा डीजेचा धंदा आहे. दुसऱ्याच्या मांडवात भोंगे बांधण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःची पिकअप गाडी आहे, स्पीकरची भिंत आहे, जनरेटर आहे. या धंद्यात माझा एक भागीदार होता — हमीदभाई. अकोल्याचं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथली दोन टर्नटेबलं आणि खोकी भरून रेकॉर्डी मी घासाघीस करून उचलल्या होत्या. आमच्याकडे जुनी माणसं रेकॉर्डला तवा म्हणतात. पहिली काही वर्षं तवे मी वाजवायचो. मग गिऱ्हाईक धरणं, भाव ठरवणं माझ्याकडे आलं आणि तव्यांवर हमीदभाई बसू लागला. सगळे पेनड्राइव्हवर गेले तरी आमची गाडी 'तव्यावाला डीजे' म्हणूनच ओळखली जायची. जुनी कव्वाली म्हणा, भीमगीतं म्हणा, लोक खास तव्यावर मागायचे.

आता एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. आमच्या भागात नवरदेव मारुतीच्या पारावरून मांडवाकडे निघतो, त्या मिरवणुकीला परण्या म्हणतात. परण्याच्या वाटेवर एखाद्या घरात दुखवटा असला तर त्या दारासमोर वाजवायचं नाही. हमीदभाई सकाळीच ती सगळी वाट पायी फिरून यायचा. चहाच्या टपरीवर विचारायचा, कोणाकडे मयत झाली, कोण अंथरुणाला खिळलंय. आणि ते घर आलं की बटण न दाबता फिरत्या तव्याच्या कडेला अंगठा लावायचा. गाणं जड होत होत बसायचं. ऐकणाऱ्याला धक्का बसत नसे. घर मागे पडलं की अंगठा उचलायचा.

रीत चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर सुई उडते, सुया मिळत नाहीत आणि पोरांना आजची गाणी पाहिजेत. म्हणून मी लॅपटॉप आणि डिजिटल कंट्रोलर आणला. घरी सामान मांडलं, हमीदभाईला बोलावलं. त्याने कंट्रोलरच्या चाकावर अंगठा टेकवला. ती चाकं दिसायला तव्यासारखी असतात, पण आत मोटर नसते. आपण ढकलली तरच फिरतात. तो म्हणाला, "हे तं मेलेलंच हाय, शेषराव. याले थांब म्हणून कोण सांगन?"

मी म्हणालो, सांगायची गरज नाही, सॉफ्टवेअर हुशार आहे.

ऐन लग्नसराईत तो मला सोडून गेला. टर्नटेबलं आणि तवे त्याने मागितले, मी देऊन टाकले आणि गाडी-जनरेटर ठेवून घेतलं. सौदा माझ्याच फायद्याचा झाला होता. पण त्यानंतर तो गावोगाव सांगत सुटला की शेषरावच्या मशीनला कान नाहीत. ज्या माणसाला मी धंद्यात आणलं, त्याने हे बोलावं? ती गोष्ट मी विसरलो नाही, विसरणारही नाही.

पहिला प्रकार जऊळक्याला झाला. दुपारची वेळ, स्टेशनच्या रस्त्याने परण्या चाललेला. मी गाडीवर लॅपटॉपपाशी. एका पत्र्याच्या घरासमोर आलो आणि गाणं ओढल्यासारखं झालं. आवाज खाली गेला, जरासा वर आला, पुन्हा खाली गेला आणि बसला. नाचणारे थांबले. मी स्क्रीनकडे पाहिलं — गाणं चालूच होतं! वेग तोच, लाटा सरकत होत्या, कंट्रोलरचे दिवे नाचत होते. स्पीकर मात्र मुके. शिवी माझ्या तोंडात आली तेवढ्यात एक म्हातारबा गाडीपाशी आले. म्हणाले, "बरं केलं भाऊ, थांबवलं. पोरीचा तेरावा बी नाई झाला अजून."

मी काय केलं असेल? मान हलवली. आपल्याला काळजी घ्यावीच लागते, म्हणालो. घर मागे पडलं, गाणं आपोआप उठलं.

संध्याकाळी घरी येऊन तपासलं. आमचं सॉफ्टवेअर जे वाजतं ते आपोआप रेकॉर्ड करून ठेवतं. त्यात गाणं सरळ होतं, कुठे ओरखडासुद्धा नाही. नवरदेवाच्या भावाकडून मोबाईलचा व्हिडिओ मागवला. त्यात गाणं बसत होतं. म्हणजे मशीन म्हणतं मी थांबलोच नाही आणि सगळी वरात म्हणते थांबलं. चाकावर हात ठेवला की गाणं अडतं अशी एक सोय असते, ती मी पहिल्याच दिवशी बंद केली होती, कारण गाडी हादरली की हात लागतो. ती बंदच होती. माझा संशय सरळ एका माणसावर गेला. घरी सामान मांडलं त्या दिवशी हमीदभाईने चाकाला हात लावला होता. तव्यांचा माणूस असला तरी अडाणी नाही तो, मिक्सर उघडून जोडतो. मी लॅपटॉप अकोल्याला नेऊन पार कोरा करून आणला. जिथे जिथे वायर होती ती बदलली.

दुसरा प्रकार कामरगावचा. या वेळी ज्या घरासमोर गाणं बसलं तिथे दुखवटा नव्हता. दारात तोरण होतं, बाया गच्चीवरून नवरदेव बघत होत्या. गाणं खाली गेलं, जरा वर आलं, मग बसलं. त्या शांततेत घरातून कोणीतरी हंबरडा फोडला. म्हातारी आतल्या खोलीत पडून होती, तिचा जीव गेलेला कोणाला कळलाच नव्हता. गाणं बंद झालं म्हणून सुनेने आत डोकावलं होतं.

या वेळी कोणी बरं केलं म्हणालं नाही. सगळी माणसं माझ्या गाडीकडे बघत होती.

त्यानंतर फोन येऊ लागले. कोणी म्हणे तारीख पुढे गेली, कोणी म्हणे मामाने दुसरा डीजे सांगितला. एका वधूपित्याने खरं ते सांगून टाकलं, तुमची गाडी दारात उभी राहिली की माणूस जातो म्हणतात, आमच्या घरात आजारी माणूस आहे. ऐका! गाडी मेहनतीने उभी केली, तिचं नाव पार यमाची गाडी झालं. असंच चाललं असतं तर पुढच्या सराईला मला स्पीकर भंगारात घालावे लागले असते.

मी सरळ हमीदभाईच्या दुकानावर गेलो. तो आता वाशिमच्या रस्त्याला रेडिओ-मिक्सर दुरुस्त करतो. आतल्या फळीवर दोन्ही टर्नटेबलं कापडाखाली झाकलेली. मी दुकानाच्या पायरीवरूनच सुरू झालो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, शेजारचे दुकानदार बाहेर आले एवढं सांगतो. तो हातातली सोल्डरची डागणी खाली ठेवून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मले कायले इतकी मेहनत करा लागते बापा? तुयं नाव बुडवाले तू पुरा हायस."

मी म्हणालो, खरा असशील तर उद्याच्या परण्यात माझ्या गाडीवर बस. माझ्या डोळ्यासमोर, हात दिसतील असा. तो हसला आणि हो म्हणाला. त्याचा मोबाईलसुद्धा मी काढून ड्रायव्हरकडे दिला होता, म्हणजे बघा.

लग्न मालेगावातलंच. ऊन डोक्यावर. हमीदभाई एका स्पीकरला टेकून, दोन्ही हातांत चहाचा ग्लास धरून बसलेला. माझी एक नजर त्याच्या हातांवर, एक स्क्रीनवर. बाजाराच्या वळणाला एक कुलूप लावलेलं घर आहे, एका सरकारी नोकराचं. कोणी राहत नव्हतं त्या दिवसांत. मी मनात म्हटलं, बंद घर आहे, इथे तरी काही नाही... आणि तिथेच गाणं ओढलं. खाली गेलं. जरा वर आलं. बसलं.

मी हमीदभाईकडे पाहिलं. ग्लास तसाच दोन्ही हातांत. पण तो कान देऊन ऐकत होता, मेकॅनिक इंजिन ऐकतो तसा.

"हा माया अंगठा नोहे," तो म्हणाला.

मी म्हणालो, म्हणजे काय?

"मी एकडाव दाबतो, सोडत नाई. हा दाबते, जरासक सोडते, मंग पुरा दाबते. असं एकच माणूस करे." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू. पयल्या सालांत तवे तूच वाजवे ना. मयताच्या दारातबी तू भाव करत होता, शेषराव. देऊ का नको, देऊ का नको."

मला राग यायला हवा होता. मी आयुष्यात असं ऐकून घेतलेलं नाही. पण मला ते आठवलं. एकदम थांबवलं तर नाचणारी पोरं भडकतात, म्हणून मी आधी जरासं दाबून अंदाज घ्यायचो, सोडायचो, मग बसवायचो. ती माझी लकब होती. इतक्या वर्षांत मला स्वतःला तिची याद राहिली नव्हती.

घर मागे पडलं, गाणं उठलं. परण्या मांडवात पोचायच्या आत फोन फिरले की त्या कुलूपवाल्या घरचा माणूस दुपारीच नागपूरच्या दवाखान्यात वारला.

हमीदभाई धंद्यात परत आला नाही. मी विचारलं होतं, भावसुद्धा चांगला दिला होता. तो म्हणाला, मशीनला कान आहेत, मी उगाच बोललो, आता गावभर तसं सांगतो. आणि सांगितलंही असावं, कारण तारखा पुन्हा धरल्या जाऊ लागल्या. लोक आता म्हणतात, शेषरावची गाडी दुखवटा ओळखते. मला ते नाव नको आहे, पण गिऱ्हाईकाशी वाद घालत नाही.

सध्या परण्याच्या दिवशी सकाळी मी वाट पायी फिरतो. टपरीवर विचारतो. घर आलं की आधीच बटण दाबून गाणं बंद करतो. मी फिरायला लागल्यापासून ते आपोआप बसलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी सॉफ्टवेअरचं जाणत असेल तर जरूर लिहा, पण वायर ढिली होती असं लिहू नका. आणि हमीदभाईवरचा माझा संशयही पुरता गेलेला नाही. माझी लकब त्याच्याशिवाय जगात कोणाला ठाऊक होती?

फक्त एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. मागच्या महिन्यात जऊळक्याला त्याच पत्र्याच्या घरासमोरून परण्या गेला. आता तिथे दुखवटा नव्हता, पण घरची माणसं ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होती. बटण राहिलं बाजूला, माझा अंगठा आपसूक चाकावर गेला. चाकाची ती हाताने अडवायची सोय अजून बंदच होती. आत मोटर नाही. जागचं हललेलं मला तरी दिसलं नाही.

पण अंगठ्याखाली ते फिरत होतं. ओढ लागत होती, तव्याची लागते तशी. मी दाबलं, जरासं सोडलं, मग पुरतं दाबलं... आणि गाणं बसलं. हात उचलून बघितला तेव्हा अंगठ्याचं टोक गरम झालेलं होतं.