विषय : माझे घर

फुलामावशीनं अजून पेन उचललं नव्हतं.

मराठीचा पेपर. निबंधाचा विषय ‘माझे घर’. माझं पहिलं पान भरलं, तेव्हा मी मागं वळून पाहिलं. ती प्रश्नपत्रिका वाचत होती.

मी डोळ्यांनी खुणावलं. लिही.

तो निबंध आमचा पाठ होता. गाइडमधला. ‘घर म्हणजे मायेची सावली’ अशी सुरुवात. मीच तिच्याकडून घोकून घेतला होता.

फुलामावशी काल गेली. ‘मुख्याध्यापिका मॅडम गेल्या’ असे तिच्या विद्यार्थ्यांचे मेसेज सकाळपासून येत आहेत.

मी सत्तरच्या दशकातलं नागपूर सांगते आहे. मी शाळेतून मॅट्रिकला बसले होते, ती बाहेरून. आईची धाकटी बहीण. नवरा मारायचा, म्हणून सावनेरचं सासर सोडून आमच्या एका खोलीत राहायला आली होती.

पास झाली तर मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाणार होती.

नापास झाली तर सावनेर. बाबांनी तिच्या सासरी तसं कबूल केलं होतं.

पेपर सुटल्यावर मी तिला गेटपाशी गाठलं.

“मावशे, काय लिहिलं वं?”

“माहं घर अजून नाही, असं लिहिलं.”

“अवं, विषय ‘माझे घर’ होता!”

“मंग? घरावरच लिहिलं. कसं पाहिजे ते लिहिलं. दाराले आतून कडी पाहिजे. मी ती लावली, तं बाहेरून कोणी लाथ नाही मारली पाहिजे.”

“गाइडातला काहून नाही लिहिला?”

“ते गाइडवाल्याचं घर हाये. पेपरात ‘माझे’ विचारलं. मी दोनदा वाचलं.”

“नापास होशील.”

“हो.”

मग ती रस्त्याच्या कडेला बसली.

“थांब जरा. उद्याचं गणित समजावून दे.”

घरी आलो, तर तिचा नवरा खाटेवर बसला होता. न कळवता आला होता. बाबा नुकतेच गिरणीतून आले होते. आई चहा करत होती.

“कसा गेला वं पेपर?” बाबांनी विचारलं.

“घरावर निबंध होता, भाऊजी.”

“आपल्या छपराचे कवेलू गळते, ते लिहिलं का नाही?”

नवरा हसला. “सोपा आला मंग. सावनेरले एवढं मोठं घर हाये, लिहाले काय कमी?”

“ते नाही लिहिलं.”

“मंग काय लिहिलं?”

तिनं सांगितलं. उभ्यानं, पाठ म्हटल्यासारखं. कडीचं सांगितलं. लाथेचंही.

आईनं स्टोव्ह बंद केला.

“परीक्षेत घरच्या गोष्टी लिहिते?” तो उठला. “चाल. सामान घे.”

मावशी हलली नाही. तिनं बाबांकडे पाहिलं. मीही.

बाबांनी खाटेकडे हात केला.

“बसा पाव्हणे,” ते म्हणाले. “तिचे पेपर बाकी हायेत.”

“अन् मंग? तुम्ही तं कबूल केलं होतं.”

“केलं होतं. आता तिले विचारा. मले नका विचारू.”

त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहिल्या एस.टी.नं एकटाच सावनेरला गेला. मावशी आणि मी गणिताच्या पेपरला गेलो.

शेवटचा जयभीम, मावशे.