गोटीला चावायला मीच शिकवलं

मंडळी, आज खूप थकले आहे. तरी लिहिते, कारण चूक माझी आहे.

माझी आई इथे निपाणीत घरीच मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. आज सकाळी आमची गोटी, तीन महिन्यांचं मांजराचं पिल्लू, आईच्या हलत्या बोटांवर झेपावली आणि अंगठ्याला कचकन चावली. रक्त आलं. जखम साबणानं धुऊन आईला दवाखान्यात नेलं. इंजेक्शन घेऊन परतेपर्यंत दुपार झाली.

"लई माजलंय ते. मावशीकडं सोडून ये," आई म्हणाली. "अंगठाच न्हाय चालला तर विड्या कशा वळू गं?"

गोटी इवलीशी असताना मीच तिच्यापुढं बोटं नाचवायची आणि ती चावली की हसायची. आईची बोटं तिला तोच खेळ वाटली.

संध्याकाळी विड्यांचं सूप नव्हतं, म्हणून गोटी आईच्या मोकळ्या मांडीवर चढली. पुढच्या पायांनी साडी मळत पदर चोखू लागली.

"आता ह्ये काय गं?"

"दूध पिताना पिल्लं अशीच आईचं पोट दाबतात. तुझ्यापाशी तिला बरं वाटतंय." मग मी बोटांचंही सांगून टाकलं.

आईनं पदर सोडवला नाही. "व्हय? मग तू लावलीस, तूच मोड ती सवय. आठ दिवस बघती."

आता दोरीला चिंधी बांधून खेळवते आहे. चावली की खेळ बंद. तुमच्यापैकी कुणाला हे आठ दिवसांत जमलंय का?