काळोख करणारा माणूस

रॉकच्या कार्यक्रमात बँड स्टेजवर येताना हॉलचे सगळे दिवे एका झटक्यात घालवायचे, हे काम वायरमन सव्वीस वर्षं करत आला होता. काळोख होताच हजारो लोक ओरडायचे, पहिली गिटार कडाडायची. तो मात्र मागच्या खोलीत बटणांकडे तोंड करून उभा असायचा. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. बायकोने आपलं काम एकदा तरी पाहावं, म्हणून त्याने तिला पास दिला.

पहिलं गाणं संपल्यावर ती कान चोळतच मागे आली.

“पाहिलंस माझं काम?” त्याने विचारलं.

“काय दिसणार, कपाळ? काळोखच तर केलात. घरी एक दिवा बंद करायला उठत नाही तुम्ही!”

तो बाकावर बसला. दमला होता, त्यात हे.

“पण दिवे गेल्यावर शेजारच्या पोरीने माझा हात घट्ट धरला,” ती म्हणाली. “ओळख ना पाळख. ती किंचाळली, मग मीही ओरडले.”

“तू? काय ओरडलीस?”

“ते काय मेलं लक्षात राहतं? सरका जरा, पाय दुखले माझे.”