होटगी रोडवरून तासाभर

मुलगा मुंबईला नोकरीला लागल्यापासून दर सणाला एकच सांगायचा, "आई, लांब पडतं." मागच्या दिवाळीलाही त्याचं ताट मी वाढलं आणि तसंच उचललं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून ज्याला शिकवलं, त्यानं मला अंतर शिकवावं, हे मनात सलत होतं.

मग सोलापुरातून विमान सुरू झालं. तासाभरात मुंबई! अंतराचा भावच पडला. आता त्याची सबब खपणार नव्हती. मीच तिकीट काढलं.

होटगी रोडला विमानतळावर उतरताना रिक्षावाल्याशी वाजलंच.

"मावशी, इमानानं चाललाय, अन् माज्याशी घासाघीस करताय व्हय?"

"इमानवाला ऐकत न्हाय. तू ऐकतोस की."

तो हसला आणि त्यानं ऐकलं.

खिडकीची जागा मिळाली. विमान वर गेलं तसा खालचा तलाव वाटीतल्या पाण्याएवढा झाला. रानं माझ्या गच्चीवर वाळत घातलेल्या भाकऱ्यांसारखी एकमेकींना टेकून पडली होती. त्यांत कुठं तरी बार्शी असणार. तिथल्या बाजारात ज्वारी घ्यायला मी लेकाला कडेवर घेऊन जायची. जुने व्यापारी भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हात घालायचा, जितका आकडा तितकी बोटं धरायची आणि ठरेपर्यंत हात काढायचा नाही. घरी त्यानं गुळासाठी हट्ट केला की आमचा तोच खेळ पदराखाली चाले. चार खड्यांसाठी तो माझी चार बोटं धरी, मी दोन सोडवून घेई.

विमान ढगात शिरलं. सगळं पांढरं. आपण चाललोय की जागीच तरंगतोय, कळेना. त्या पांढऱ्यात तो लहानसा हात बोटांना लागल्यासारखा वाटला, गुळानं चिकट झालेला. तास कसा सरला, समजलं नाही.

तो न्यायला आला होता. भाड्याच्या गाडीत मागं बसताच मी सुरू केलं, "तासाभरात आले. आता कुठं लांब पडतंय?"

"आई, विमान तासाचं. त्याच्याआधी हा रस्ता असतो."

रस्ता हलतच नव्हता. विमानात काढला त्याहून जास्त वेळ आम्ही एकाच पुलावर काढला. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे संध्याकाळच्या धुरकट उजेडात विरघळत होते.

"मग मी मेल्यावरच ये," मी फटकारलं. "तेव्हा रस्ता मोकळा मिळेल."

बऱ्याच वेळानं माझ्या पदराखाली त्याचा हात आला. मोठा, कोरडा. त्यानं माझं एक बोट धरलं.

"वर्षातून एकदा? भीक घालतोस व्हय रं?"

तो हसला. दुसरं बोट धरलं. तिसरं मीच त्याच्या मुठीत सरकवलं. त्यानं मूठ मिटली नाही, बोट बाहेरही ढकललं नाही.

पुढच्या गाड्या हलल्या. मी हात काढला नाही.