पडद्याला कान लावणारे आतोबा

सिनेमावर इतका जीव टाकणारा आणि सिनेमाला येणाऱ्या माणसांचा इतका राग करणारा मनुष्य आमच्या आतोबांखेरीज साऱ्या माळव्यात दुसरा झाला नसेल. पण त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी मी त्यांच्या घरी कसा जाऊन पडलो ते सांगायला हवं, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही. माझे वडील धारला चार सरदारांच्या घरी पाणी भरत. पहाटे खांद्यावर चढलेली कावड दुपारी उतरायची, आणि उतरल्यावरही त्यांचा उजवा खांदा खालीच राहायचा. आई त्याच घरांत सणावाराला स्वयंपाकाला उभी राहायची आणि उरलंसुरलं पदराखाली झाकून आणायची. आमच्या घरात लिहिलेला कागद म्हणजे माझी पत्रिका, आणि तीही वाचून घ्यायला जोश्याच्या दारात जावं लागे. मराठी चौथी पास झालो त्या दिवशी वडील माझ्या खांद्यांकडे बराच वेळ बघत राहिले. ते काय मापत होते ते मला कळलं. त्याच आठवड्यात देवासहून आत्या आली आणि जाताना मला घेऊन गेली. "तिकडे इंग्रजी शाळा आहे. आमच्याकडे पोर नाही. राहील," एवढंच ती म्हणाली.

आत्या आतोबांची दुसरेपणाची बायको. पाणक्याच्या बहिणीला दप्तरातला कारकून मिळतो तो असाच. आतोबा थोरल्या पातीच्या दप्तरात जुने कागद सांभाळत. देवासची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : हे गाव एक आणि राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दप्तरं, दोन फौजदार, आणि हद्द गावाच्या मधून, बाजारातून, काही ठिकाणी तर एकाच रस्त्याच्या मध्यातून गेलेली. आमचं घर थोरल्या पातीत आणि समोरच्या तांबटाचं घर धाकट्या पातीत. तांबट दिवसभर भांडी ठोकायचा आणि आतोबा ओट्यावर येऊन म्हणायचे, "परराज्यातला आवाज आहे, काय करणार!" त्यांचा स्वभावच तसा होता. तीस वर्षं मोडी कागदांच्या गठ्ठ्यांत बसून त्यांना शांततेची चटक लागली होती. घरात आत्या कुजबुजत बोलायची. भाजीला फोडणी द्यायची तर आधी सांगून द्यायची.

अशा माणसाला सिनेमाचं वेड लागावं, हे नवल. दर साल दिवाळीनंतर टेकडीच्या पायथ्याच्या मोकळ्या जागेत सिनेमाचा तंबू उभा राहायचा. तेव्हाची चित्रं मुकी. माणसं तोंड हलवायची, मग पडद्यावर अक्षरं यायची, पुन्हा माणसं तोंड हलवायची. साऱ्या जगाने ती मुकी म्हणून मान्य केली होती, फक्त आतोबांनी नाही. त्यांनी एका सरदाराच्या वाड्यात ग्रामोफोन ऐकला होता. "काळ्या तबकडीतून बाई गाते, दिसत नाही तरी गाते. आणि इथे धडधडीत माणूस दिसतो, ओठ हलवतो, तो काय उगीच हलवतो?" असा त्यांचा सवाल होता. त्यांचं ठाम मत असं की चित्रातली माणसं बोलतात, फक्त फार हलक्या आवाजात बोलतात, आणि या गावातल्या लोकांनी एक वेळ, एकच वेळ, तोंड मिटलं तर ते बोलणं ऐकू येईल. "मरायच्या आधी एकदा ऐकायचंय मला," ते म्हणत. मी तेव्हा इंग्रजी तिसरीत होतो. आवाज कुठून येतो आणि कुठून येत नाही हे मला समजत होतं. पण ज्याच्या पाटावर दोन वेळा जेवतो त्याला ते सांगण्याइतका शहाणा मी नव्हतो, किंवा तेवढ्यापुरता शहाणा होतो, असं म्हणा.

सिनेमाला जायचा दिवस म्हणजे आमच्या घरी सोवळ्याचा दिवस. आत्याच्या बांगड्यांवर आतोबा स्वतः रुमाल गुंडाळत. स्वतःचा जोडा करकरतो म्हणून तो तंबूबाहेर ठेवून थंडीत अनवाणी आत शिरत. शेंगदाणे बंद, फुटाणे बंद. खायला परवानगी फक्त गुळाची, कारण गूळ विरघळतो. खोकला आला तर उपरण्यात तोंड खुपसून खोकायचं, तेही अक्षरं आलेली असताना. अक्षरं काही बोलत नाहीत. आतोबा पडद्याजवळ बसत, एक कान पडद्याकडे करून. त्यामुळे त्यांना चित्र अर्धंच दिसायचं, पण त्याची त्यांना पर्वा नव्हती.

आणि भोवती काय असायचं? बायका तान्ही पोरं घेऊन आलेल्या. पेटी-तबलेवाले मारामारीला ठुमरी वाजवताहेत. मागच्या बाकांवर दोन गृहस्थ शेताच्या बांधाचा तंटा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगताहेत. पडद्यावर देव आला की निम्मा तंबू हात जोडून उभा राहायचा, कुणीतरी नारळ फोडायचं, आणि खोबऱ्याचे तुकडे डोक्यांवरून फिरायचे. "देवाला बोलू द्या! बोलून होऊ दे, मग फोडा!" आतोबा कळवळून ओरडायचे. त्या सगळ्या गोंधळात सर्वांत मोठा आवाज बहुतेक वेळा त्यांचाच असायचा, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही.

पण खरी अडचण मुलांची होती. तंबूवाला परगावचा, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! त्याने मधला खांब नेमका हद्दीवर रोवला होता. खांबाच्या अलीकडचा तंबू थोरल्या पातीत आणि पलीकडचा धाकट्या पातीत. दुसरा कुणी असता तर त्याला हे सुचलंही नसतं, पण आतोबा दप्तरातले. ते छडी घेऊन अलीकडच्या मुलांना गप्प करत आणि खांबापाशी आले की थबकत. परराज्याच्या प्रजेवर छडी उगारायची कशी? आठ दिवसांत हे गावातल्या झाडून साऱ्या पोरांना कळलं. मग काय, थोरल्या पातीतली पोरंसुद्धा खांबापलीकडे जाऊन बसू लागली आणि तिथून शिट्या घालू लागली. तांबटाचा मोठा मुलगा तर खांबाला टेकून म्हणायचा, "काकासाब, तमारो राज वां तक! यां तो म्हारो राज!" सगळा तंबू हसायचा. आतोबा हद्दीवर उभे राहून नुसतं "शूः! शूः!" करायचे, जणू शेजारच्या अंगणातली कोंबडी हाकलताहेत.

शेवटी त्यांनी धाकट्या पातीच्या दप्तरातल्या आपल्या ओळखीच्या कारकुनाला रीतसर पत्र धाडलं. मायना, शिक्का, सगळं. "आपलेकडील अज्ञान प्रजा सिनेमाचे समयी कोलाहल करिते, तेणेकरून इकडील प्रजेस पडद्यावरील भाषण ऐकू येण्यास हरकत पडते." तो कारकून थट्टेखोर. त्याने उलट टपाली लिहिलं, "इकडील प्रजेस तोंडी समज दिली आहे. भाषण ऐकू आलियास मजकूर कळवावा." आतोबांनी ते पत्र खरं धरून गठ्ठ्यात लावून ठेवलं.

तांबटाची सर्वांत धाकटी मुलगी जमना. सहा-सात वर्षांची असेल. ती खांबाच्या पलीकडे अगदी खेटून बसायची, कारण अलीकडे मी बसायचो, आणि मला अक्षरं वाचता येतात असा माझा त्या रस्त्यावर लौकिक होता. पडद्यावर अक्षरं आली की ती माझी बाही ओढायची, "भिया, बांच नी! कंई लिख्यो हे?" मी हळूच वाचायचो. ती ते मोठ्याने मागच्यांना सांगायची, मागचे त्यांच्या मागच्यांना, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत राणीच्या वनवासाचं राणीचं लग्न झालेलं असायचं. मला त्यात भारी मौज वाटे. पाणक्याचा पोरगा वाचतो आणि अर्धा तंबू ऐकतो! मग माझा आवाज वाढत गेला.

एके दिवशी चित्रात म्हातारा राजा मरणाला टेकला होता आणि मुलाला जवळ बोलावून काही सांगत होता. आतोबा जवळजवळ पडद्याला चिकटले होते. इतक्यात मी खणखणीत आवाजात वाचलं, "बेटा, अब राज तुम्हारा है!" आणि खांबापलीकडून टाळ्या पडल्या. आतोबा वळले. रागावले नव्हते, तेच वाईट होतं. घरी आल्यावर त्यांनी मला समोर उभं केलं.

"तू होतास?"

"हो."

"मी त्याचं बोलणं धरत आणलं होतं. आता ऐकू येणार, एवढ्यात..." त्यांनी उपरणं खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, "तंबूत पुन्हा तुझा आवाज आला, तर दुसऱ्या दिवशी धार. बापाची दुसरी कावड रिकामीच आहे."

मी त्या दिवसापासून तंबूत तोंड उघडलं नाही. जमना बाही ओढायची, "भिया, बांच नी," आणि मी समोर बघत राहायचो. दोन-तीन दिवस तिने ओढली. मग मला नुसतं बघायची. मग तेही सोडलं. मला माझे खांदे वाचवायचे होते. तेवढंच मला तेव्हा दिसत होतं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता तापाची साथ आली. लोक तिला मानमोडी म्हणत. सकाळी पाणी भरायला गेलेलं माणूस संध्याकाळी नसायचं. शाळा बंद पडली. आत्या आठ दिवस अंथरुणाला खिळली आणि वाचली. एक दिवस सकाळी आतोबा तिला काढा पाजत होते, ते मध्येच थांबले. "आज ठोक नाही," ते म्हणाले. समोरचा तांबट भांडी ठोकत नव्हता. बारा वर्षं ज्या आवाजाला नावं ठेवली, तो थांबल्यावर आतोबा ओट्यावर येऊन उभे राहिले, मग खाली उतरले, आणि काढ्याचं भांडं तसंच हातात घेऊन रस्त्याच्या पलीकडे गेले. परत आले तेव्हा भांडं भरलेलंच होतं. जमना गेली होती. चार दिवसांनी तिचा मोठा भाऊही गेला, तो "तमारो राज वां तक" म्हणणारा.

तंबूवाला त्याही वर्षी आला, जरा उशिराने. त्याला पोट होतं. आतोबांनी आम्हाला नेलं. आत्याने आपणहून बांगड्यांना रुमाल बांधला. तिच्या हातांत आता त्या सैल झाल्या होत्या. आत शिरलो तर निम्मी जाजमं रिकामी. आलेली माणसं लांब लांब बसलेली. एकही तान्हं मूल नाही. शेंगदाणे विकणारी एक बाई होती, ती नुसती टोपली मांडीवर घेऊन बसली होती. पेटीवाला साथीत गेला होता, तबलेवाला एकटा काय वाजवणार! खांबाच्या पलीकडे जाजमावर धूळ होती.

खेळ सुरू झाला. पडद्यावर देव आला, कुणी उठलं नाही. राक्षस आला, कुणी ओरडलं नाही. सगळ्या तंबूत एका यंत्राची खरखर तेवढी. आतोबांना आयुष्यभर हवं होतं ते अखेर झालं होतं. ते पुढे सरकले, कान पडद्याकडे केला, आणि डोळे मिटून घेतले. पडद्यावर एक आई मुलाला काहीतरी सांगत होती, बराच वेळ सांगत होती. मी आतोबांकडेच बघत होतो. हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. मग ते माझ्यापाशी आले आणि खाली बसले.

"काही नाही रे," ते म्हणाले. "ते काहीच बोलत नाहीत."

मी पडद्यावरच्या आईकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. पडद्यावर अक्षरं आली. आतोबा खांबापलीकडच्या रिकाम्या जाजमाकडे बघत होते. "वाच," ते म्हणाले.

"कुणाला?"

"तिकडे तोंड करून वाच. मोठ्यानं वाच." त्यांचा आवाज फुटला, "अरे, कुणीतरी बोला रे!"

मी वाचलं. वाचत गेलो, शेवटच्या अक्षरापर्यंत, त्या धुळीकडे तोंड करून. मागच्या रांगेत कुणीतरी रडत होतं. त्या दिवशी "शूः" कुणी म्हणालं नाही.

त्यानंतर आतोबांनी मला धारचा धाक कधी घातला नाही. उलट मॅट्रिक झाल्यावर त्यांनीच मला इंदूरला नेऊन सोडलं. तिथे मी सात घरी वार लावून जेवलो. दर महिन्याला त्यांचं पत्र यायचं, त्यात बाकी काही नसायचं, फक्त "मोठ्याने पाठ करीत जावे" एवढंच. शेवटच्या परीक्षेचा निकाल घेऊन मी देवासला आलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. फार थकले होते. वडीलही धारहून आले होते, उजवा खांदा खाली. आतोबा उठले, मला धरून रस्त्याच्या मधोमध, हद्दीवर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "आता वाच. दोन्हीकडे जाऊ दे."

समोर तांबटाने हातोडा खाली ठेवला. मी वाचलं.

पुढे चित्रं खरोखरच बोलू लागली. ती ऐकायला आतोबा राहिले नव्हते. मी पहिलं बोलकं चित्र पाहिलं तेव्हा मागच्या बाकावर पोरं दंगा करत होती, आणि एक शब्द धड ऐकू आला नाही. मी कुणाला गप्प केलं नाही.

पाणक्याचा मुलगा बी. ए. झाला, आमच्या घराण्यातला पहिला, आणि ते दोन्ही पात्यांना ऐकू गेलं.