लाल चादर आणि पाचवी काच

मी जन्माचा भित्रा. चाळीतली सगळी पोरं गच्चीच्या कठड्यावर चढून पतंग उडवायची तेव्हा मी जिन्याच्या दाराशी बसून फिरकी धरायचो. अशा माणसाला विमानात बसवून, विमानाच्या तळाला पाडलेल्या भोकातून काठी बाहेर काढायला लावायची, हा नशिबाचा निव्वळ चावटपणा होता. बी.एस्सी. झाल्यावर हवेच्या संशोधनाची नोकरी मिळाली. जाहिरातीत विमानाचा उल्लेख नव्हता, नाहीतर मी अर्जच केला नसता.

काम ऐकायला पोरखेळ वाटावं असं होतं. दोन बोटं रुंद काचेच्या पट्टीवर चिकट लेप दिलेला असायचा. ती काठीच्या टोकाला बसवायची, भोकातून बाहेर सारायची, दहा अंक मोजायचे, आत ओढायची आणि पेटीत ठेवायची. ढगातले थेंब, समुद्राचं मीठ, गिरण्यांची काजळी, हवेत जे असेल ते काचेवर चिकटायचं. मग खाली येऊन सूक्ष्मदर्शकाखाली ते बघत बसायचं. समुद्रावरून आलेला ढग गिरणगावावरून जाताना धुरामुळे बदलतो का, हे आमच्या साहेबांना शोधायचं होतं. काचेच्या लेपाला बोट लावायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. माणसाच्या घामातही मीठ असतं, असं ते सारखं बजावायचे.

वडील गिरणीत सूतखात्यात होते आणि बारा महिने खोकायचे. माझं काम त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "धूर बघायला वर कशाला जातोस? माझ्या छातीत बघ की. सगळा माल आत भरलाय."

आई मात्र हसायची नाही. मी उडणार असलो की आदल्या दिवसापासून तिला घास जायचा नाही. एकदा तिने विचारलं, "वरून आपली चाळ दिसते काय रे?"

"दिसते की," मी म्हणालो. ही शुद्ध थाप होती. आम्ही वरळीच्या समुद्रावर ढगात शिरायचो आणि मला माझ्या गुडघ्यांशिवाय काही दिसत नसे, कारण मी दुसरीकडे बघतच नसे.

"मग मी गच्चीवर लाल चादर टाकीन. चादर दिसली की समजायचं, घरी सगळं बरं आहे. तेवढाच तुला धीर."

तेव्हापासून मी उडणार असलो की भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर, चार कोपऱ्यांना चार विटा ठेवून, ती चादर अंथरली जाई. वडिलांनी गिरणीतून आणलेली, चांगली जाडजूड. मी घरी पोचेपर्यंत आई ती काढायची नाही. "दिसली?" ती विचारायची. "दिसली," मी सांगायचो. थापेचीही सवय होते.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. परळ-लालबागच्या भिंती घोषणांनी भरल्या होत्या, रोज कुठे ना कुठे मोर्चा निघायचा, लाठ्या चालायच्या, गोळीबाराच्या बातम्या यायच्या. वडील तो खोकला घेऊन प्रत्येक मोर्च्यात जायचे आणि ते परत येईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागायचा. अशात हरताळाची हाक आली. ती ऐकून साहेबांचा चेहरा खुलला. "सगळ्या गिरण्या एकदम बंद! बिनधुराची अशी हवा पुन्हा मिळायची नाही. आपण खालून जायचं, अगदी धुराड्यांच्या डोक्यावरून." माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी मान डोलावली.

घरी सांगितलं असतं तर आईने दारात आडवं पडून मला अडवलं असतं. म्हणून म्हणालो, "हरताळाला कसलं विमान उडतंय? टेबलावरचंच काम आहे. गाड्या बंद असतील, मी आज सांताक्रूझला दोस्ताकडे राहतो." ती म्हणाली, "खिडकीपाशी बसू नको, दगड येतात." आणि मी निघालो.

हरताळाच्या दिवशी सकाळी आम्ही उडालो. पुढे पायलट आणि साहेब, मागे भोकापाशी मी. इतक्या खालून आम्ही कधी गेलो नव्हतो. रोज परळवर मळकट पडदा असायचा, त्या दिवशी सगळं धुवून काढल्यासारखं स्वच्छ. धुराडी नुसती उभी होती. रस्ते ओस पडले होते. लालबागच्या बाजूला रस्त्यात काहीतरी जळत होतं आणि त्याच्या भोवती माणसं इकडून तिकडे पळत होती. माझ्या तळव्यांना घाम फुटला. पहिल्या चार काचा मी कशाबशा बाहेर धरल्या.

चौथ्या फेरीला भोईवाडा सरळ खाली आला. देवळाचं शिखर, कोर्टाचं छप्पर आणि त्यापलीकडे आमची चाळ. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच मी ती वरून बघत होतो. पाण्याची टाकी दिसली, कपड्यांच्या काठ्यासुद्धा दिसल्या.

चादर नव्हती.

मी खरंच हादरलो. वडील मोर्च्यात गेले असणार. गोळी लागली असणार. आई त्यांना शोधायला बाहेर पडली असणार. काय काय डोळ्यांसमोर आलं ते आजही सांगवत नाही. मी ओरडलो, "साहेब, काच बरोबर धरता आली नाही! अजून एक फेरी घेऊ या. आणखी खालून!"

साहेबांनी चकित होऊन वळून पाहिलं. मी आपणहून फेरी मागावी हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खूश होऊन पायलटच्या खांद्यावर थाप मारली. विमान वळलं आणि एवढं खाली गेलं की आमच्या गच्चीवर उभी असलेली माणसं मला वेगवेगळी मोजता आली. ती जिन्याच्या दाराकडे धावत होती. बघता बघता गच्ची रिकामी झाली. मी पाचवी काच हातात घट्ट धरून बसलो होतो, ती बाहेर काढायची होती हेही विसरून.

उतरल्यावर पेटी साहेबांच्या हातात दिली आणि चालत सुटलो. माहीमला पोलिसांनी अडवलं, दादरला लोकांनी अडवलं. चाळीचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढलो.

वडील दारातच बसले होते, धडधाकट. आत आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या उजव्या हाताला हाडवैद्याने कामट्या बांधल्या होत्या आणि हात गळ्यात अडकवला होता. झोळी लाल होती. ती चादर फाडून केली होती.

"सकाळपासनं एक विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं," वडील म्हणाले. "लोक म्हणाले, सरकार वरून काहीतरी टाकणार. शेवटी तर इतकं खाली आलं, खिडक्या थडथडल्या. आम्ही सगळे गच्चीत. एकच पळापळ झाली. मला कुठलं पळवतंय! हिने जिन्यात मला भिंतीशी धरलं आणि मागचा सगळा लोंढा हिच्या हातावर आला."

आई माझ्याकडे बघत होती. "तुझ्या हापिसातलं नव्हतं ना रे ते?"

"नाही."

"तेच मी यांना म्हटलं. आपला पोरगा वर असता तर सांगून गेला असता. मी चादर टाकली नसती काय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उडणार हे तिला ठाऊकच नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं, आणि वर गेल्यावर मीच ते विसरलो होतो. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दोन दिवसांनी साहेबांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. "वारा जमिनीकडचा होता. मग पाचव्या काचेवर एवढं मीठ कुठून आलं?"

"माझा अंगठा, साहेब. ती काच मी बाहेर काढलीच नाही. भ्यालो होतो."

ते रागावले नाहीत. काच बाजूला ठेवून म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." इतकं सोपं होतं ते. साहेबांना सांगितलं. घरी मात्र माझी जीभ उचलली नाही, ना त्या दिवशी, ना नंतर कधी.

महिन्याभराने पुन्हा उडायचं ठरलं. या वेळी मी घरी आधी सांगितलं. आईचा हात अजून झोळीतच होता. तिने डाव्या हाताने ट्रंकेतून चादरीचा उरलेला तुकडा काढला आणि माझ्यासमोर धरला.

"अर्धीच राहिलीय. तेवढी दिसेल ना रे तुला?"

"दिसेल," मी म्हणालो.